उचल आणि उचल्या : पोलीस होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची पुस्तके

१

आपल्या मुलांनी पोलिसात जावे की जाऊ नये, हा चळवळीतला जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, ज्या लाठीने आपली डोकी फुटली ती लाठी आपल्याच पोराच्या हाती देऊन काय मिळवायचे? दुसरी बाजू म्हणते, घरात भाकरी आणि अंगावर वर्दी येत असेल तर तत्त्वज्ञान कशाला सांगता? दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते माझे मित्र आहेत आणि दोघांच्याही बोलण्यामागे अनुभवाचे बळ आहे. परंतु पोलीस होण्याआधी आपला विद्यार्थी जी पुस्तके वाचतो, त्यांच्याकडे या दोघांचेही लक्ष गेलेले नाही. गुन्हा कशाला म्हणायचे, गुन्हेगार कोण आणि कायदा कोणाच्या बाजूचा, या प्रश्नांची उत्तरे मुलगा ठाण्यात गेल्यावर शिकत नाही. ती तो जाताना बरोबर घेऊन जातो. म्हणून या लेखात मला त्या पुस्तकांची समीक्षा करायची आहे.

वाङ्मयाच्या अंकात गाइडांची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. जे पुस्तक हजारो मुले तोंडपाठ करतात आणि ज्यातल्या समजुतींच्या आधारे उद्या माणसांना कोठडीत बसवतात, ते वाङ्मय नसेलही. पण त्याची दखल न घेणारी समीक्षा आपल्या काय कामाची?

मी कर्जत-खालापूर भागात मराठी शिकवतो. पोलीस भरतीची चाहूल लागली की इथल्या रस्त्यांवर पहाटे पाचला मुले धावताना दिसतात. बौद्धवाडीतली, आगरी-कुणब्यांची, ठाकरांची आणि क्वचित एखादा कातकरी. खोपोलीहून मान वर केली की बोरघाट दिसतो आणि घाटमाथ्यावर खंडाळ्याला पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. मुलांच्या दृष्टीने ते घाटावरचे केंद्र म्हणजेच पुढचे आयुष्य. मुंबईत गुन्हेगारीशास्त्राचे उच्च शिक्षण आहे, न्यायवैद्यक विज्ञानाची संस्था आहे. पण भाड्याचे पैसे मोजून कर्जत लोकल पकडणाऱ्या मुलाला ते जग फार दूरचे. तो बी. ए. ला नाव घालतो, समाजशास्त्रात 'गुन्हेगारी' हे प्रकरण वाचतो आणि उरलेला वेळ भरतीच्या क्लासला देतो. त्याचे गुन्हेगारी न्यायाचे शिक्षण ते एवढेच.

शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आणि लेखी परीक्षेला १०० गुण. मैदानात १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. संविधान त्यात येते ते कलमांच्या आकड्यांच्या रूपाने. सतराव्या कलमाने काय नाहीसे केले, हे मुलाला पाठ असते. ते नाहीसे झाले की नाही, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. त्यामुळे तो क्लासमध्येही येत नाही.

२

एका विद्यार्थ्याने मला क्लासची वही तपासायला दिली. शुद्धलेखन पाहा, एवढीच त्याची विनंती होती. मुलगा आपल्या समाजातला, वाचणारा, चौदा एप्रिलला वाडीत भाषण करणारा. वहीत 'गुन्हेगारीची कारणे' असे प्रकरण होते. आनुवंशिक कारणे, मानसिक कारणे, दारिद्र्य, वाईट संगत. त्याखाली 'गुन्हेगार जमाती' असे शीर्षक आणि जमातींची यादी. यादीच्या शेवटी वेगळ्या शाईने भर घातलेली होती : 'आपल्या भागात कातकरी.'

मी विचारले, "हे कोणी सांगितलं?"

तो म्हणाला, "सर, हे सांगितलं नाही. स्थानिक उदाहरण लिहा म्हणाले, म्हणून मी लिहिलं."

त्याच्याबरोबर रोज पहाटे धावणारा त्याचा मित्र कातकरी होता. तो त्या वेळी माझ्या दारात उभा होता. तो काही बोलला नाही. चपलेचा अंगठा जमिनीवर घासत राहिला.

या प्रसंगात त्या मुलाला दोष देऊन मी सुटका करून घेणार नाही. त्याने जे लिहिले ते त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या तर्काला धरूनच होते. या पुस्तकांत गुन्हेगारीशास्त्राचा इतिहास इटलीत सुरू होतो. लोंब्रोझो नावाच्या डॉक्टराने १८७६ साली ग्रंथ लिहून जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. कवटीवरून, जबड्यावरून गुन्हेगार ओळखता येतो असे म्हटले. पुढे ती कल्पना शास्त्राने टाकून दिली. इतके सांगून पुस्तक पुढच्या सिद्धान्ताकडे वळते. परंतु लोंब्रोझोच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. त्याला कवटी मोजण्याची गरज पडली नाही. जातीने जसा सुतार, जातीने जसा विणकर, तसा जातीने गुन्हेगार, एवढा युक्तिवाद त्याला पुरला. इंग्रजाने हा युक्तिवाद विलायतेहून आणला नव्हता. जन्माने धंदा ठरतो हे त्याला इथल्याच वर्णव्यवस्थेने शिकवले होते. त्याने त्यात फक्त एका धंद्याची भर घातली आणि त्यावर सरकारी शिक्का मारला.

१९११ च्या सुधारित कायद्याने हे जोखड मुंबई इलाख्यावरही आले. माणसांची नोंद, हजेरी, गाव सोडायचे तर परवाना आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती. १९५२ साली कायदा रद्द झाला, पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. संशयितांकडून व सराइतांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याची जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमे १०९ आणि ११० होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती १२८ आणि १२९ झाली आहेत. आकडे बदलले. 'सराईत' हा शब्द उच्चारला की ठाण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोणती वस्ती उभी राहते, ते मात्र बदलले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितले आणि विमुक्तांना सरसकट सराईत समजण्याची रीत थांबवायला सांगितले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाल्यावर हे सांगावे लागले. गाइडात जमातींची यादी अजून का आहे, याचे उत्तर त्यात मिळते.

म्हणून या पुस्तकांवरचा माझा पहिला आक्षेप त्यांतल्या चुकीच्या माहितीबद्दल नाही. ही पुस्तके इटलीतल्या कवट्यांची गोष्ट सांगतात आणि घरातली हजेरी लपवतात. टाकून दिलेला सिद्धान्त इतिहास म्हणून शिकवतात आणि चालू असलेला सिद्धान्त यादी म्हणून पाठ करून घेतात.

३

हे लपवलेले प्रकरण मराठीत लिहिले गेलेले आहे. ते लिहिले आमच्या लेखकांनी. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ ची. हजेरीच्या जाचाखाली माणसाला आपल्याच गावात कैदी कसे केले जाते, हे त्या कादंबरीत आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, भीमराव गस्ती यांचे 'बेरड' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ चे. 'उपरा' आणि 'उचल्या' यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, विद्यापीठांनी ती अभ्यासाला लावली, त्यांच्यावर प्रबंध झाले. पण ती मराठीच्या वर्गात अडकली. भाषा कशी, बोली कोणती, आत्मकथनाचा घाट कसा, यांवर आम्ही प्राध्यापकांनी प्रश्न काढले. शेजारच्या वर्गात समाजशास्त्राचा तास चालू होता, तिथे हीच माणसे यादीतल्या नावांच्या रूपाने शिकवली जात होती. दोन वर्गांमधली भिंत आम्ही पाडली नाही, हा आमचाही गुन्हा आहे.

'उचल्या' हे गुन्हेगारीशास्त्राचे पुस्तक म्हणून वाचून पाहा. चोरी ही तिथे स्वभावातून येत नाही. काम मागायला गेले तर जातीवरून नकार मिळतो, त्या नकारातून येते. चोरीतला वाटा पोलिसांपर्यंत पोचतो. वाटा थांबला की धाड येते. धाडीत म्हाताऱ्यांना आणि बायकांनाही सोडले जात नाही. म्हणजे पोलीस हा गुन्ह्याच्या शेवटी येणारा माणूस उरत नाही, तो गुन्ह्याच्या अर्थव्यवस्थेतला भागीदार ठरतो. गाइडाच्या कारणांच्या यादीत आनुवंशिकता आहे, संगत आहे, दारिद्र्य आहे. हप्ता मात्र नाही.

'उपरा' याच्याही पुढे एक पाऊल टाकते. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाड्यांवर सरकारच्या न्यायासनाखेरीज जातपंचायतीचेही न्यायासन आहे, आणि ते तितकेच निर्दय होऊ शकते, हे माने लपवत नाहीत. आमच्या रायगडच्या विद्यार्थ्याला हे लगेच कळावे. वाळीत टाकणे हा शब्द या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथल्या अशा प्रकरणांनी गाजावाजा झाला, आणि २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवा, ही मागणी डॉ. बाबासाहेबांनी १९३० साली गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या योजनेत केली होती; ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्याचा दाखलाही त्यांनी दिला होता. गुन्ह्याची व्याख्या सोसणाऱ्याच्या अनुभवातून करता येते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच दाखवून दिले होते. त्याला कायद्याचे रूप यायला आपल्या राज्यात ८६ वर्षे लागली. हा धडा कोणत्या क्लासमध्ये शिकवतात?

आता कर्जत-खालापूरकडे वळतो. इथल्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होऊ लागतात. माणसे वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याआधी पावसाळ्यात किंवा सणाला भट्टीमालकाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात. त्याला उचल म्हणतात. हंगामभर नवरा, बायको आणि पोरे चिखल तुडवतात, विटा पाडतात, आणि हिशेबाच्या वेळी उचल फिटलेली नसते. ती पुढच्या हंगामावर जाते. कर्जाच्या बदल्यात माणसाची मजुरी बांधून घेणे हा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याप्रमाणे, म्हणजे १९७६ पासून, गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ही कैद भोगलेला भट्टीमालक माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पाहिलेला नाही. परंतु महामार्गालगतच्या एखाद्या बंगल्यातून पाण्याची मोटार चोरीला गेली की जीप पहिल्यांदा कुठल्या वाडीवर जाते, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपल्या भाषेनेच इथे साक्ष दिली आहे. उचल देणारा शेठ होतो आणि उचल्या गुन्हेगार होतो. शब्दाचा धातू एकच. एकाने माणसाचा अख्खा हंगाम उचलला, तो व्यवहार झाला. दुसऱ्याने खिशातले पाकीट उचलले, ती जमात झाली. सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली पांढरपेशांच्या गुन्ह्यांची कल्पना मांडली, आणि ती गाइडात दोन ओळींत असते. तिचे स्थानिक उदाहरण लिहा, असे मात्र कोणी सांगत नाही. सांगितले असते तर माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत वेगळ्या शाईने काय आले असते?

४

ही पुस्तके वाचली की सर्व साधेल, असे मी म्हणत नाही. समीक्षा करायची तर आपल्याही घराची करावी लागेल.

आपल्या आत्मकथनांत पोलीस बहुधा बाहेरून येतो. बुटांचा आवाज, शिवी, काठी. सोसणाऱ्याच्या जागेवरून तो तसाच दिसणार. यात खोटे काही नाही. पण आज वर्दीच्या आत आपलाच मुलगा आहे. तो वाडीवर धाड घालायला जातो तेव्हा त्याच्या मनात काय होते? वरिष्ठाने जातिवाचक टोमणा मारला तर तो तक्रार कोणाकडे नोंदवतो? बंदोबस्ताला उभा असताना समोरच्या मोर्चात त्याचा चुलता असला तर? या अनुभवाला आपल्या साहित्यात अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. विद्रोहाची आपली भाषा ठाण्याच्या दारापर्यंत येते आणि तिथे थांबते.

दुसरे उणेपण स्त्रीबद्दलचे. धाडीत आई-आजीने सोसलेले आपल्याला बहुतेक वेळा मुलाच्या किंवा नातवाच्या शब्दांत कळते. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते देशाला माहीत आहे. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकार नाही, म्हणून संमती, असा तो तर्क होता. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. प्राध्यापकांचे एक पत्र काय करू शकते, याचे हे उदाहरण आम्हा शिक्षकांना लाजवणारे आहे. पण तिचे स्वतःचे म्हणणे कुठे आहे? निकालपत्रात आहे ते तिच्याबद्दलचे म्हणणे.

५

कोणी म्हणेल, हे सगळे अडाणी पोलिसांमुळे होते. पोलिसांना पदवीधर करा, प्रश्न सुटेल. हा मार्ग अमेरिकेने चोखाळून पाहिला आहे. न्यूयॉर्कला पोलीसशास्त्रासाठी स्वतंत्र महाविद्यालय १९६४ साली निघाले. १९६७ साली राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने पोलिसांना पदवी असावी अशी शिफारस केली आणि पुढच्याच वर्षापासून त्यासाठी सरकारी पैसा वाहू लागला. मिनेसोटा राज्यात तर पोलीस होण्यासाठी सर्वसाधारणपणे महाविद्यालयीन शिक्षण लागते. त्याच राज्यात, २५ मे २०२० रोजी, ज्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला, त्याने पोलीसकामाचेच महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले होते. शिक्षण नव्हते असे नाही. त्या शिक्षणात काळ्या माणसाची मान कोणाची होती, हा प्रश्न आहे.

तेव्हा पहिल्या बाजूच्या मित्रांना मी सांगेन की वर्दीची मागणी आपली जुनी आहे, ती सोडून चालणार नाही. याच जिल्ह्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त झालेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना लष्कराची दारे बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारकडे अर्ज केला. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते आणि सभासदांत बाबासाहेब होते. कुंपणाचा अधिकारी आणि कुंपण मोडणारा एकाच टेबलाशी बसले होते. बाबासाहेब त्या टेबलावरून उठून गेले नाहीत.

दुसऱ्या बाजूच्या मित्रांना मी माथेरानच्या भाई कोतवालांची आठवण देईन. न्हावी समाजात जन्मलेला हा तरुण पुण्याला जाऊन वकील झाला. आडनाव कोतवाल, शिक्षण कायद्याचे. पांढरपेशी सुखाची वाट मोकळी होती. त्याने शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारे काढली, १९४२ साली आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि हिराजी पाटील मारले गेले. त्या दिवशी सरकारी कागदात तो फरारी गुन्हेगार होता. आज त्याच्या नावाने मुलांना सामान्य ज्ञानात एका गुणाचा प्रश्न येतो. त्याच्यावर चालून गेलेल्या पोलिसांतही कोणा गरिबाची पोरे असतील. कायदा शिकणे आणि न्याय ओळखणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कर्जत तालुक्याच्या मुलाला परक्या पुस्तकातून शिकायची गरज नाही.

६

त्या वहीच्या प्रसंगानंतर मी मुलाला रागावलो नाही. 'उचल्या' वाचायला दिले. आणि वर्गात एक अभ्यास सुरू केला. एका रात्री एका बंगल्यातली मोटार चोरीला गेली. त्याच घटनेच्या दोन फिर्यादी लिहा. एक बंगलेवाल्याची, दुसरी त्या रात्री वाडीवरून उचलून नेलेल्या मुलाच्या आईची. पहिली फिर्याद सगळ्यांना लिहिता आली. तारीख, वेळ, मुद्देमाल, संशयित, सारे व्यवस्थित. दुसरी लिहायला बसल्यावर वर्ग गप्प झाला. आईची फिर्याद कोणत्या कलमाखाली येते, असे एका मुलीने विचारले. माझ्या मते गुन्हेगारी न्यायाचे शिक्षण या प्रश्नापासून सुरू होते.

तो मुलगा आता दुसऱ्या जिल्ह्यात शिपाई आहे. सुट्टीवर आला तेव्हा भेटला. म्हणाला, "सर, पहिल्याच महिन्यात सांगितलं, वाडीवरची दोन पोरं घेऊन ये. मी विचारलं, फिर्यादीत कोणाचं नाव आहे? सगळे हसले."

"मग?"

"मी गेलो नाही. पण कोणीतरी गेलंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं त्यांना."

एका मुलाने एक प्रश्न विचारला, एवढेच घडले. व्यवस्था हलली नाही, हे मला दिसते. परंतु ज्याने कधीकाळी वेगळ्या शाईने यादी वाढवली होती, त्याच्याच तोंडून तो प्रश्न आला, ही गोष्ट मी लहान मानत नाही. प्रत्येक ठाण्यात असे तीन-चार आवाज झाले तर हसणाऱ्यांना हसणे अवघड जाईल.

म्हणून अभ्यासवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे, की गाइडाची निंदा पुरे झाली. आपले पुस्तक आपण तयार करू. त्यात १८७१ चा कायदा असू द्या आणि हजेरीचे अनुभव असू द्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा असू द्या, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा सांगणारे त्यातले चौथे कलम ठळक अक्षरांत असू द्या. वेठबिगारीचा कायदा आणि भट्टीचा एक खरा हिशेब शेजारी शेजारी छापा. आणि ते पुस्तक भरतीच्या मुलांना मैदानावर नेऊन द्या, कारण ग्रंथालयात ती येत नाहीत.

दारात उभा राहिलेला तो दुसरा मुलगा यंदा पहाटे दिसत नाही. घरच्यांनी उचल घेतली होती. दिवाळीनंतर तोही भट्टीवर गेला. भरती हंगामात निघाली तर तो धावायला नसेल. त्याचे नाव भरतीच्या यादीत केव्हा येईल ते मला सांगता येत नाही. त्याआधी ते दुसऱ्या यादीत कोणी घालू नये, एवढ्यासाठी हा लेख लिहिला.